करटोलीला फुले भरपूर, फळ एकही नाही : नर-मादी वेलांची ओळख आणि मादी वेलाची कंदापासून वाढ

श्रावण लागला की घरच्या बागेत करटोली लावणाऱ्यांची एकच तक्रार कानावर येऊ लागते. वेल मांडवभर पसरला आहे, पानांना कीड नाही, रोज पिवळी फुले उमलतात, पण फळ म्हणून धरत नाही. काहींकडे प्रकार थोडा वेगळा असतो. तेथे फुलाच्या खाली हरभऱ्याएवढे काटेरी फळ स्पष्ट दिसते, घरातली सगळी माणसे ते कौतुकाने पाहून जातात आणि तीन-चार दिवसांत ते पिवळे पडून गळते. दोन्ही ठिकाणी मिळणारे सल्ले सारखेच असतात : पोटॅश द्या, ताक फवारा, शेंडा खुडा, थोडी वाट पाहा. पुढच्या वर्षी बी बदलून पुन्हा तोच खेळ होतो. ठाण्यातल्या गच्चीवर मी स्वतः असे ३ पावसाळे घालवले आहेत, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. या तक्रारीचे मूळ बहुतेक वेळा खतात नसते. ते वेलाच्या लिंगात असते, आणि ती दरवर्षी परत येते याचे कारण म्हणजे कोणता वेल कोणता होता याची नोंद आपण पावसाळ्याबरोबर घालवून बसतो.

करटोली, कर्टुली, कंटोळी, विदर्भात काटवल, गोव्यात फागलां अशी नावे असलेल्या या वेलाचे शास्त्रीय नाव मोमोर्डिका डायोइका आहे. त्यातल्या ‘डायोइका’ या शब्दात ‘दोन घरे’ असा अर्थ आहे आणि आपल्या तक्रारीचे उत्तर त्या एका शब्दात आले आहे. नर फुलांचे घर वेगळे, मादी फुलांचे घर वेगळे. एका वेलावर जन्मभर नर फुलेच येतात, तर दुसऱ्यावर जन्मभर मादीच. कोकम, जायफळ, परवल आणि भांग याही वनस्पती अशाच विभक्तलिंगी आहेत. कोकणात कोकमाचे बियांपासून वाढवलेले झाड कित्येक वर्षांनी फुलावर येते आणि मग नर निघते, तेव्हा होणारा मनस्ताप बागायतदारांना चांगला माहीत आहे. करटोलीच्या बाबतीत हा उलगडा पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यातच होत असल्यामुळे आपण त्यामानाने सुदैवी आहोत.

घोटाळा होतो तो करटोलीला कारले, दुधी, काकडी यांच्या रांगेत बसवल्यामुळे. कूळ एकच असले तरी कारल्याच्या किंवा दुधीच्या एकाच वेलावर दोन्ही प्रकारची फुले येतात. त्यात सुरुवातीला नर फुलांचाच भरणा असतो आणि काही दिवसांनी मादी फुले दिसू लागतात. त्यामुळे ‘पहिली फुले नरच असतात, मादी मागून येतील’ हा सल्ला दुधीसाठी अगदी बरोबर आहे, पण तो करटोलीला लावला की माणूस भाद्रपद संपेपर्यंत नर वेलाखाली आशेने उभा राहतो. सध्या लोकप्रिय असलेल्या थ्रीजी कटिंगचेही तेच आहे. मुख्य शेंडा आणि नंतर उपफांद्यांचे शेंडे खुडून तिसऱ्या पिढीच्या फांद्या काढल्या की दुधीसारख्या वेलावर मादी फुलांचे प्रमाण वाढते, कारण त्या वेलात दोन्ही फुले देण्याची क्षमता मुळातच असते. नर करटोलीचा शेंडा कितीही वेळा खुडला तरी नर फुले देणाऱ्या फांद्या वाढतील, एवढेच होईल.

कोणती फवारणी केली तर नर वेल मादी होईल, असेही वारंवार विचारले जाते. असा खात्रीचा उपाय नाही. संशोधनात याच्या उलट दिशेचा एक प्रयोग यशस्वी झालेला आहे. मादी करटोलीवर सिल्व्हर नायट्रेटचे विरळ द्रावण फवारल्यास काही फुलांत पुंकेसर तयार होतात आणि ती द्विलिंगी होतात, कारण चांदीचे आयन वनस्पतीतल्या इथिलीन या संप्रेरकाच्या कार्यात अडथळा आणतात आणि काकडीच्या कुळात मादी फुलांचा कल इथिलीनशी निगडित असतो. यात वेलाचे मूळ लिंग बदलत नाही, केवळ फवारणीनंतरच्या काही फुलांची घडण बदलते. हे रसायन कातडीवर काळे डाग पाडते, डोळ्यांना अपाय करते आणि ज्या वेलाची भाजी खायची त्यावर घरच्या घरी फवारण्यासारखे ते मुळीच नाही. एक नर कंद मिळवणे यापेक्षा कितीतरी सोपे आहे.

कळीवरून ओळख

फूल येण्याआधी पान, खोड, वाढीचा जोम किंवा कंदाचा आकार यांवरून नर-मादी सांगता येते असे छातीठोकपणे म्हणणारे भेटतात. माझ्या पाहण्यात असा एकही ठोकताळा दोन हंगाम टिकलेला नाही. साध्या डोळ्यांना खात्रीने दिसणारी खूण कळीबरोबरच येते, मात्र ती इतकी स्पष्ट असते की एकदा पाहिल्यावर विसरत नाही.

मादी कळीच्या पाकळ्यांखाली, म्हणजे देठ आणि कळी यांच्या मध्ये, सुरुवातीपासूनच एक छोटा फुगवटा असतो आणि त्यावर मऊ, लवीसारखे काटे असतात. हा अंडाशय होय, म्हणजेच पुढे होणारे करटोले. कळी तांदळाच्या दाण्याएवढी असतानाही तो बोटाला जाणवतो. नर कळीला असा फुगवटा नसतो, देठ सरळ जाऊन कळीला मिळतो. मात्र तिला स्वतःची एक खूण असते. कळीच्या लगत, देठाच्या वरच्या टोकाशी, हिरव्या टोपरासारखा एक छद (म्हणजे फुलालगतचे छोटे पान) असतो आणि कोवळी कळी त्यात गुंडाळल्यासारखी दिसते. मादीच्या देठावरही छद असतो, पण तो अगदी लहान आणि कळीपासून बराच खाली असतो. नवख्या माणसाची फसगत इथेच होते. नर कळीभोवतीचा तो टोपरासारखा छद पाहून ‘खाली काहीतरी फुगलेले आहे’ असे वाटते आणि वेलाला मादी ठरवले जाते. संशय आला तर नखाने तो छद हलकेच बाजूला करून पाहावा. आत नुसती कळी असेल तर वेल नर आहे.

फूल उमललेले असताना पाहिले तर ओळख आणखी सोपी होते. नर फुलाच्या मध्यभागी परागकणांनी भरलेले पुंकेसर असतात, बोट लावले तर पिवळी भुकटी लागते. मादी फुलाच्या मध्यभागी ओलसर, विभागलेली कुक्षी (पराग स्वीकारणारा भाग) असते आणि बोटाला काही लागत नाही. एकाच फुलावरून निर्णय घेऊ नये, वेलाच्या निरनिराळ्या फांद्यांवरील पाच-सहा कळ्या पाहाव्यात. गच्चीवर दोन वेल एकमेकांत गुंतलेले असतात आणि आपण मादी म्हणून ज्याची नोंद करतो ती फांदी शेजारच्या लागवडीच्या पिशवीतून आलेली असते, हे माझ्याकडे घडलेले आहे. त्यामुळे कळीपासून मातीपर्यंत वेल हाताने मागोवा घेत उतरावा आणि ज्या पिशवीत तो शिरतो त्या पिशवीवरच खूण करावी.

नर वेल सामान्यतः मादीच्या आधी फुलावर येतात. बागेत पहिले फूल दिसल्यावर ते नर निघाले म्हणून उरलेले सगळेही तसेच असतील असे समजून वेल उपटून टाकू नयेत.

आपल्याकडे फळ न धरणाऱ्या करटोलीला जुनी माणसे ‘वांझ करटोली’ म्हणतात आणि वैद्यकात वंध्या कर्कोटकी या नावाने तिचा कंद वापरला जातो. ही वांझ करटोली म्हणजे बहुधा नर वेल. शब्द मादीला लावायचा आणि वेल नर, अशी ही गंमतशीर गफलत असली, तरी तिच्यामागचे निरीक्षण खरे आहे : हा वेल कधीही फळणार नाही, हे त्या माणसांना पक्के ठाऊक होते.

तीन-चार वेलांचे गणित

शेतात शंभर-दोनशे वेल असतात, त्यामुळे बियांपासून नर किती आणि मादी किती हे आपोआप सांभाळले जाते. घरच्या बागेत तीन-चार पिशव्या असतात आणि तिथे नशीबच खेळ करते. बियांपासून उगवणाऱ्या रोपांत साधारण निम्मे नर आणि निम्म्या मादी धरल्या, तर ३ वेल लावणाऱ्याकडे ते तिन्ही एकाच लिंगाचे निघण्याची शक्यता चारात एक इतकी असते. ४ वेल लावले तरी आठात एक. म्हणजे बी उत्तम, माती उत्तम आणि निगा उत्तम असूनही ३ वेल लावणाऱ्या प्रत्येक चार घरांपैकी एका घरात एकही फळ दिसणार नाही. आपल्याला खरे तर ४ वेलांत ३ मादी आणि १ नर हवा असतो आणि तो नेमका मेळ बसण्याची शक्यताही चारात एकच आहे. एवढे गणित मांडून पाहिले की ‘आमच्याकडची माती करटोलीला मानवत नाही’ हा निष्कर्ष किती घाईचा असतो, ते लक्षात येते.

शेतीत साधारण ८ ते १० मादी वेलांमागे १ नर वेल ठेवण्याची शिफारस केली जाते. घरी ३-४ मादींना १ नर पुरेसा आहे. माझा आग्रह मात्र दुसरा एक नर लहान पिशवीत ठेवावा असा असतो, कारण एकुलता एक नर कंद कुजला तर त्या वर्षीचा सगळा मांडव पाहत बसावे लागते. नराला मोठी जागा लागत नाही. त्याच्या फांद्या छाटून आटोक्यात ठेवल्या तरी फुले पुरतात.

मादी फूल गळते तेव्हा

फुलाखाली फळ दिसते आणि न वाढताच पिवळे पडते, याचा अर्थ वेल मादी आहे आणि त्याच्यापर्यंत पराग पोहोचलेला नाही. बागेत नर वेल नसणे हे त्याचे पहिले कारण. पण नर असूनही असे होत असेल तर करटोलीच्या फुलाची वेळ समजून घ्यावी लागते. ही फुले दिवेलागणीच्या सुमारास उमलतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत मिटू लागतात. दिवसा हिंडणाऱ्या मधमाश्यांचा त्यांना फारसा उपयोग नसतो, हे काम रात्रीच्या पतंगांकडे असते. सातव्या-आठव्या मजल्यावरच्या गच्चीवर, चहूबाजूंनी दिव्यांचा झगमगाट असताना, पतंग वेलावर येतीलच याची हमी नाही आणि त्यात संध्याकाळी पावसाची सर आली तर असलेला परागही वाहून जातो. सकाळी आठ वाजता ब्रश घेऊन परागीकरण करणाऱ्यांना यश का येत नाही, याचेही उत्तर त्यातच आहे.

हाताने परागीकरण करायचे असेल तर ते संध्याकाळी, फूल उमलल्यानंतर लगेच करावे. नुकतेच उमललेले नर फूल देठासह खुडावे, त्याच्या पाकळ्या मागे दुमडाव्यात किंवा काढून टाकाव्यात आणि पुंकेसर मादी फुलाच्या कुक्षीवर हलकेच टेकवून फिरवावेत. एका नर फुलाने दोन-तीन मादी फुले सहज होतात. पाऊस येण्याची लक्षणे असतील तर त्या फुलावर रात्रीपुरती कागदाची टोपी घालावी. नर वेल आपल्याकडे नसून ओळखीच्या घरी असेल, तर त्याच दिवशी उमलतील अशा टपोऱ्या, पिवळसर झालेल्या कळ्या दुपारी देठासह आणून पेल्यातल्या पाण्यात उभ्या ठेवाव्यात. संध्याकाळी त्या पेल्यातच उमलतात. मी एक पूर्ण हंगाम असाच काढला होता आणि त्या वर्षी पहिल्यांदा घरच्या करटोलीची भाजी ताटात आली.

परागीकरण साधले असेल तर तीन-चार दिवसांत फरक दिसतो. अंडाशय हिरवा राहून फुगू लागतो, देठ जाड होतो आणि साधारण दोन आठवड्यांत कोवळे करटोले काढणीस येते. फळ चांगले वाढून मग एका बाजूने पिवळे पडत असेल, मऊ होत असेल आणि कापल्यावर आत अळ्या दिसत असतील, तर ते परागाचे दुखणे नाही, फळमाशीचे आहे. त्यासाठी क्यू ल्यूरचा सापळा लावावा. आंब्याच्या बागेत वापरतात तो मिथिल युजेनॉलचा सापळा वेलवर्गीय भाज्यांवरील फळमाशीला आकर्षित करत नाही आणि दुकानदार पुष्कळदा तोच हातात देतो.

आणखी एक अडचण अलीकडे वाढली आहे. बाजारात मोठ्या आकाराचे, फिकट हिरवे, बंगाल-आसामकडे काकरोल म्हणून ओळखले जाणारे फळ करटोलीच्याच नावाने मिळते आणि त्याचे कंदही विकले जातात. तो मोमोर्डिका सबअँग्युलाटा हा वेगळा वेल आहे. त्याची फुले मोठी असतात आणि सकाळी उमलतात, शिवाय त्याच्या पेशींत ५६ गुणसूत्रे असतात, तर आपल्या रानातल्या करटोलीत २८. मादी एका जातीची आणि नर दुसऱ्या जातीचा असेल तर फुले एका वेळी उमलतही नाहीत आणि मेळही नीट बसत नाही. कंद आणताना नर आणि मादी दोन्ही एकाच जातीचे आहेत ना, हे विचारून घ्यावे. उत्तर मिळाले नाही तर पहिल्या फुलाची वेळ पाहावी : संध्याकाळी उमलले तर रानकरटोली, पहाटे-सकाळी उमलले तर ती मोठी जात.

मादी वेल वाढवायचा कसा

एकदा उत्तम फळणारी मादी सापडली की बियांच्या नादी पुन्हा लागण्याचे कारण नाही. बियांचे कवच कठीण असते, त्यांना सुप्तावस्था असते, उगवण मागेपुढे होत राहते आणि इतके करून हाती नर येईल की मादी हे ठाऊक नसते. कंद, दाब (वेलाला जोडलेलीच मातीत दाबलेली फांदी) किंवा फाटा (कापून लावलेला फांदीचा तुकडा) यांपासून केलेला वेल हा मूळ वेलाचाच भाग असल्यामुळे त्याचे लिंग आणि फळाचा गुण दोन्ही तेच राहतात. छत्तीसगडमधील इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयाने काढलेल्या ‘इंदिरा कंकोडा-१’ या वाणाच्या बाबतीतही, मिळाला तर मादी म्हणून खात्री असलेला कंद घ्यावा, असेच मी सुचवेन.

सगळ्यात भरवशाचा मार्ग कंदाचा आहे आणि सर्वाधिक नुकसानही तिथेच होते. दिवाळीच्या आसपास वेल पिवळा पडू लागतो, थंडीत पूर्ण वाळतो आणि मातीवर काहीही दिसेनासे होते. वेल मेला असे समजून माती उपसली जाते, किंवा रिकाम्या दिसणाऱ्या पिशवीत मेथी पेरून तिला रोज पाणी दिले जाते. दोन्हींचा शेवट एकच. झोपलेल्या कंदाला ओल सोसत नाही, तो आतून लिबलिबीत होऊन कुजतो. वेल वाळल्यावर पाणी बंद करावे, पिशवी तशीच उचलून पावसाचा शिंतोडा आणि नळाचे पाणी लागणार नाही अशा सावलीत ठेवावी आणि मे महिन्यापर्यंत तिला हात लावू नये. कंद काढूनच ठेवायचा असेल तर किंचित ओलसर वाळूत, उंदीर पोहोचणार नाहीत अशा डब्यात ठेवावा. पूर्ण कोरड्या हवेत उघडा ठेवलेला लहान कंद सुरकुतून जातो.

मेच्या अखेरीस किंवा पहिल्या वळवाच्या पावसानंतर कंदाच्या माथ्यावर कोंब दिसू लागतात. कंदाचे तुकडे करायचे असतील तर ते या वेळी करावेत, कारण डोळे कुठे आहेत हे आता दिसते. रानकरटोलीचा कंद बहुधा एकटाच, सलगमासारखा असतो. बटाट्याप्रमाणे त्याच्या सर्व अंगावर डोळे नसतात, फुटवे वरच्या भागातून येतात. म्हणून आडवे काप करून उपयोग नसतो, खालच्या कापाला कोंबच येत नाही. स्वच्छ धारदार सुरीने वरून खाली उभे काप करावेत आणि प्रत्येक तुकड्याच्या माथ्यावर निदान एक डोळा राहील असे पाहावे. कापलेल्या बाजूला चुलीची चाळलेली राख लावून एक-दोन दिवस सावलीत सुकू द्यावे आणि मगच निचऱ्याच्या मातीत, माथा जेमतेम झाकेल इतक्या खोलीवर, लावावे. लिंबाएवढ्या किंवा त्याहून लहान कंदाचे तुकडे करण्याचा मोह टाळावा. तो अखंड लावला तर त्याच वर्षी फळ देतो. दोन केले तर पुष्कळदा दोन्ही दुबळे निघतात. माझ्याकडे पहिल्या वेळी चार तुकड्यांपैकी तीन कुजले, कारण मी कापल्या कापल्या ओल्या कोकोपीटमध्ये खोचले होते.

कंद एकच आणि लहान असेल तर दाब देणे हा मार्ग मला सर्वांत आवडतो. आषाढात वेल जोमात असताना खालच्या भागातली एक लांब फांदी शेजारच्या पिशवीवर आडवी आणावी, तिचे एक-दोन पेर मातीत दोन बोटे खोल दाबून तारेच्या आकड्याने किंवा खड्याने पक्के करावेत आणि शेंडा मोकळा ठेवावा. मूळ वेलाकडून अन्न मिळत राहते, त्यामुळे ती फांदी सुकण्याची भीती नसते. मुळे धरली की आधीच्या बाजूने कापून वेगळी करता येते, पण मला घाई नसते. वेल आपणहून वाळू लागेपर्यंत मी ती जोडलेलीच ठेवतो, कारण तोपर्यंत नव्या जागी कंद भरत असतो.

फाटे लावूनही रोपे होतात. कोवळा शेंडा कुजतो आणि बुडाचे जून खोड सहसा मुळे धरत नाही, म्हणून मधल्या भागातील, दोन-तीन पेरांचा, पेन्सिलीहून थोडा बारीक फाटा घ्यावा. खालचे पान काढून ते पेर मातीत जाऊ द्यावे, वरचे पान निम्मे कापावे, बुडाला मुळे फोडणारी पावडर लावावी आणि कुंडीवर पारदर्शक पिशवी घालून ती सावलीत ठेवावी. दोन-तीन आठवड्यांत मुळे येतात आणि माणूस खूश होतो. खरी अडचण पुढे असते. श्रावणाच्या शेवटी किंवा भाद्रपदात लावलेला फाटा मुळे धरतो, चार पाने काढतो, हिवाळ्यात इतर वेलांबरोबर वाळतो आणि मेमध्ये उगवतच नाही. ‘फाट्याची रोपे टिकत नाहीत’ अशी जी समजूत झाली आहे ती यावरून. त्याला टिकून राहायला कंद लागतो आणि कंद भरायला पावसाळ्याचे उरलेले दिवस पुरले पाहिजेत. म्हणून फाटे जुलै संपण्याआधी लागलेच पाहिजेत आणि त्या वर्षी त्यांच्यावरील कळ्या खुडून टाकाव्यात. उशीर झाला असेल तर दाब द्यावा, फाटा लावू नये.

नोंद आणि खूण

हे सगळे केल्यावरही पुढच्या जूनमध्ये ‘यातला नर कोणता’ हा प्रश्न उभा राहिला, तर मेहनत वाया गेली. खूण वेलाला बांधली तर ती वाळलेल्या वेलाबरोबर केरात जाते. पिशवीवर मार्करने लिहिलेले अक्षर उन्हाने एका वर्षात उडते. अॅल्युमिनियमच्या पट्टीवर टोकदार खिळ्याने दाबून लिहिलेले टिकते, तशी एक पट्टी मातीत खोचावी आणि दुसरी पिशवीच्या कडेला तारेने बांधावी. कंद बाहेर काढून ठेवणारांनी मादीच्या कंदाभोवती लाल आणि नराच्या कंदाभोवती पांढरा नायलॉनचा दोरा सैल बांधावा. सुती दोरा मातीत कुजतो. वहीत एवढेच लिहावे : पिशवीचा क्रमांक, पहिल्या कळीची तारीख, नर की मादी, फूल किती वाजता उमलले, आणि पहिले फळ कधी काढले. ज्या वेलाने फूल दिले नाही त्यापुढे ‘अज्ञात’ लिहावे, अंदाजाने काही लिहू नये. बियांपासून केलेला वेल पहिल्या वर्षी फुलला नाही तर तो दुर्बळ आहे म्हणून फेकू नये, दुसऱ्या वर्षी भरलेल्या कंदातून तो फुलतो.

कंद मिळवण्याच्या नादात एक गोष्ट मात्र होऊ नये. पावसाच्या सुरुवातीला रानातून उपटून आणलेले कंद काही ठिकाणी विकायला येतात. त्यांचे लिंग विकणाऱ्याला माहीत नसते आणि घेणाऱ्यालाही, त्यामुळे आपली मूळ अडचण त्यातून सुटत नाही, आणि सह्याद्रीच्या उतारावरचा एक वेल मात्र कायमचा जातो. फळे तोडून आणणाऱ्या बाया तोच वेल दरवर्षी वापरतात, कंद खणला की त्यांचीही भाजी संपली. घरच्या बागांतून कंदांची अदलाबदल करणे अधिक चांगले आणि ती करणे अवघड नाही, कारण ज्याच्याकडे सगळे नर निघाले तो वैतागलेला असतो आणि सगळ्या मादी असलेलाही तितकाच. दोघांची गाठ पडण्याचीच खोटी असते. मेमध्ये कोंब दिसू लागण्याच्या आधी, कंद झोपेत असताना, अदलाबदल करावी. कोंब फुटलेला कंद प्रवासात मोडतो. माझ्याकडचा जादा नर कंद गेल्या वर्षी असाच डोंबिवलीला गेला आणि त्याच्या बदल्यात एक मादी आली. कंद हाती घेताना दोरा लाल आहे की पांढरा, हे देणाऱ्याने आणि घेणाऱ्याने दोघांनीही दिवसाच्या उजेडात पाहून घ्यावे.